अकरा नंबर, जेठमल धर्मशाळा

बाकीच्या खोल्या अडीचशे, अकरा नंबर एकशे सत्तर.
का, म्हणून विचारलं, तर नरसय्या चिलका
रजिस्टरवरची धूळ फुंकत म्हणाले,
'सांगून देतो की ओ ताई, नंतर बोल नको.
रात्री दीड-दोनला जरा आवाज येतो.
करत काय नाय. येतो, बसतो, जातो.'

कोण, ते विचारायची गरज नव्हती.
रिक्षावाल्यानं स्टेशनपासूनच सुरुवात केली होती,
पानटपरीवाल्यानं त्यात एक बाई घातली,
पैंजण, उलटे पाय, नेहमीचा माल.
नरसय्यांच्या भुतात मात्र काटकसर होती:
एक विणकर. मिल बंद पडल्यावर हिशेबाच्या पैशासाठी
मंगळवेढ्याहून यायचा, ह्याच खोलीत उतरायचा.
साहेब म्हणायचे, उद्या या. तो उद्या जायचा.
एका उद्याला उठलाच नाही.

मी त्याच कामाला आलेली.
पिशवीत वडिलांचा मृत्यूचा दाखला, तीन झेरॉक्स, पासबुक,
आणि नंबर कोरलेला पितळी बिल्ला.
तो कुणी मागत नाही,
तरी आई म्हणाली, ने.

पंखा एकाच वेगाचा. एप्रिलातली भिंत
रात्री अकरालाही तव्यासारखी.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, माठातलं पाणी.
खाटेवर चादर, कडेला मिलचा पुसट शिक्का,
हिरव्या मोराच्या पिसाऱ्यात एकच धागा लाल.
बोटाला गाठ लागली. बारीक, चपटी, दाबून बसवलेली.
अशीच गाठ वडील माझ्या परकराच्या नाडीला मारायचे
आणि म्हणायचे, सुटली तर सांग.
ही त्यांनीच मारली असं म्हणत नाही.
हजारो माणसं त्या मिलमध्ये गाठी मारत होती.

दीड वाजला. मालगाडी गेली. कुत्री गप्प झाली.
मग
खट्.
थांबून, खट्.
माग चालतो तसा नाही,
चालू होतोय का, कुणी बघावं तसा.

पाचावर धारण बसली, खोटं का बोलू.
देवाचं नाव आठवेना,
आठवला तो वडिलांचा पीएफ नंबर.
तोच मोठ्यानं म्हटला, सगळे आकडे, ओळीनं.
खट् थांबलं.

पुढचं नीट सांगता येत नाही.
खाटेची पायथ्याकडची पट्टी जरा खाली गेली
किंवा मला तसं वाटलं.
वास आला मागाच्या तेलाचा,
आमच्या घरी दोरीवरच्या सदऱ्याला जो कधी सुटला नाही.
मी अंधाराला म्हटलं, काका,
फॉर्म कुठला भरला होता तुम्ही?
वारस लावलाय का?
आता खिडकी बदललीय, दुसऱ्या मजल्यावर गेलीय.
टोकन दहाला देतात, तुम्ही नऊलाच जा.
झेरॉक्स खालीच काढा, वर दोन रुपये जास्त घेतात.
बोलता बोलता झोप लागली,
कितीतरी महिन्यांनी अशी.

सकाळी नरसय्यांनी चहा आणला. कप दोन.
'सवय हाय,' नजर चुकवत म्हणाले.
खिडकीच्या झडपेचा पत्रा एका खिळ्यावर लोंबत होता,
वारा आला की चौकटीवर आपटायचा.
मी पाहिलं. मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं.
'ठोकून का घेत नाही?'
'ठोकला तर तो येणार कसा?'

दुसऱ्या मजल्यावर मला एक्केचाळीस मिळालं.
'चाळीस,' बाईंनी पुकारलं.
बाकावरच्या पांढऱ्या टोप्या इकडून तिकडे वळल्या.
'चाळीस! नाहीत? एक्केचाळीस या.'

मी कागद छातीशी धरून बसूनच राहिले.
म्हटलं, थांबा हो मॅडम जरा,
लांबून येतात ते.